प्रोजेस्टेरॉनची गोळी, रात्रीची गुंगी आणि लेकीचे 'ते पाच दिवस'

सोनकी | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, नमस्कार. चार-पाच वर्षं रोमातच (नुसती वाचत) होते, धागा आज पहिल्यांदा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४७, राहायला कोल्हापुरात, राजारामपुरी. गेलं वर्षभर पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. रात्री तीनला जाग येते ती येतेच, अंगातून वाफा निघतात, मग पंखा पाचवर आणि नवरा चादरीत गुरफटलेला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून इस्ट्रोजेनचं जेल दिलं आणि त्याच्या जोडीला महिन्यातले १२ दिवस प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची मऊ कॅप्सूल. "झोपतानाच घ्या, घेतली की अंथरुणात जा," असं दोनदा बजावलं. मी मनात म्हटलं, एवढं काय त्यात. पहिल्या रात्री गोळी घेतली आणि मटकी भिजत घालायला, ओटा पुसायला स्वयंपाकघरात गेले. तासाभरात जमीन रंकाळ्यातल्या होडीसारखी हलायला लागली. भिंत धरत धरत खोलीत आले. नवरा म्हणतो, "काय गं, कुठनं आलीस?" सकाळी सातपर्यंत मेल्यासारखी झोपले. वर्षात पहिल्यांदा.

माझ्या जावेला पाळी नियमित यावी म्हणून डायड्रोजेस्टेरॉन दिलंय. तेही प्रोजेस्टेरॉनच म्हणे. ती सकाळी गोळी घेऊन स्कूटरवरनं शाळेत शिकवायला जाते, तिला काही होत नाही. मग मलाच का? आणि बारा दिवस संपले की पुढचे दोन-तीन दिवस मी समोर येईल त्याला चावेन अशी अवस्था असते, ते वेगळंच.

आता खरं दुखणं सांगते. लेक २२ वर्षांची आहे. पाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस ती आमची पोरगी नसतेच. रडणं, दार आपटणं, "मी नसते तर बरं झालं असतं" असलं बोलणं. पाळी आली की दुसऱ्या दिवशी हीच मुलगी "आई, मिसळ खायला जाऊया" म्हणून मागे लागते. हार्मोन सगळे तपासले, सगळे नॉर्मल. एका ठिकाणी तर "लग्न झालं की होईल बरोबर" असं ऐकवून परत पाठवलं.

हे हार्मोन गर्भाशयाचं ना? मग डोक्यात काय करतंय?


पांढरा_रस्सा | सोमवार, रात्री ११:१५

ताई, गोळीचं नाव द्या की. मला पण दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. मी घेतली तर चालंल काय? हलकं घ्या.


औषधवाला | सोमवार, रात्री ११:४१

पांढरा_रस्सा, नाही चालणार. रात्री मोबाइल बाजूला ठेवा, तुमचं औषध तेच.

सोनकीताई, काउंटरवर वीस वर्षं हीच शंका ऐकतोय, म्हणून जावेच्या गोळीपासून सुरुवात करतो. तुमच्या कॅप्सूलमध्ये शरीरात बनतं तेच प्रोजेस्टेरॉन असतं, फक्त अगदी बारीक कण करून तेलात मिसळलेलं. साधं प्रोजेस्टेरॉन तोंडावाटे घेतलं तर फारसं रक्तात पोचत नाही, म्हणून ही बारीक करायची युक्ती. पोटातून गेलं की आतडी आणि यकृत त्यातला मोठा भाग मोडतात, आणि त्या मोडतोडीतून जे पदार्थ निघतात त्यातला एक झोप आणणारा आहे. तीच कॅप्सूल योनीमार्गात ठेवायला दिली तर यकृताचा पहिला टप्पा चुकतो, म्हणून गुंगी बरीच कमी. गर्भारपणात बऱ्याच जणींना तशी देतात.

जावेचं डायड्रोजेस्टेरॉन हे त्याचं भावंड, रेणूची ठेवण वाकडी केलेलं. गर्भाशयाच्या अस्तरावर ते उत्तम काम करतं, पण मोडल्यावर त्यातून तो झोपेचा पदार्थ निघत नाही. गणपतीत पाळी पुढं ढकलायला बायका नॉरएथिस्टेरॉन नेतात, त्यातूनही नाही. आमच्याकडे सगळ्यांना सरसकट "प्रोजेस्टेरॉनची गोळी" म्हणायची पद्धत आहे. त्या एका शब्दानं फार घोळ होतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गुंगी येते म्हणून कॅप्सूल परस्पर बंद करू नका. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन चालू ठेवलं तर अस्तर वाढत जातं आणि ते पुढं महागात पडतं. दुसरं, काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं. कोल्हापुरात शेंगदाण्याचं वावडं असणारा माणूस शोधावा लागेल, तरी घरात कुणाला असेल तर पाकिटावर वाचा.


खडूफळा | मंगळवार, सकाळी ७:०५

निवृत्त शरीरक्रियाशास्त्राची शिक्षिका. धागा रात्रीच वाचला, पण उत्तर सावकाश लिहायचं होतं. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

"गर्भाशयाचं हार्मोन" ही समजूत नावामुळे झाली. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयात उरलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो, दहावीच्या पुस्तकात आकृती असते. कॉर्नर आणि ॲलन या अमेरिकन जोडीनं १९२९ मध्ये दाखवलं की सशाच्या पीतपिंडाच्या अर्कात गर्भ टिकवणारं काहीतरी आहे. १९३४ मध्ये तो पदार्थ शुद्ध रूपात मिळाला, तोही चार वेगवेगळ्या गटांना जवळपास एकाच वेळी. गर्भ टिकवणारं, म्हणून नाव पडलं प्रोजेस्टेरॉन. सगळ्यांचं लक्ष ओटीपोटावर गेलं आणि तिथंच राहिलं.

पण १९४१ मध्येच हान्स सेल्ये यांनी उंदरांना प्रोजेस्टेरॉन भरपूर टोचलं, तर उंदीर चक्क भूल दिल्यासारखे झोपले. म्हणजे तुमची ओट्यावरची गत त्या उंदरांची आधीच झालेली! का झोपतात, याचा उलगडा व्हायला आणखी चार दशकं लागली.

प्रोजेस्टेरॉनवर आधी एक विकर (एन्झाइम) काम करतं, ५-अल्फा-रिडक्टेज. मग दुसरं. दोन पायऱ्या उतरून तयार होतं ॲलोप्रेग्नॅनोलोन. जीभ वळत नाही, आपण 'ॲलो' म्हणू. यकृतात बनतं तसं ते खुद्द मेंदूतही बनतं. फ्रान्सच्या एतियेन-एमिल बोलिय्यू यांना उंदरांच्या मेंदूत अशी स्टेरॉइडं सापडली जी अधिवृक्क (ॲड्रिनल) आणि जननग्रंथी काढून टाकल्यावरही तिथंच राहिली. म्हणून १९८१ मध्ये त्यांनी शब्द दिला 'न्यूरोस्टेरॉइड'. पुरुषांच्या मेंदूतही हाच कारखाना आहे बरं का, आणि चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण तयार होताना त्याच्या पेशी स्वतःच प्रोजेस्टेरॉन बनवतात.

आता ॲलो करतं काय. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपण सगळे दर पावसाळ्यात बातमीत बघतो. चेतापेशीच्या पडद्यावर तसलेच दरवाजे असतात. 'गाबा' नावाचं रसायन येऊन चिकटलं की दरवाजा उघडतो, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी गप्प बसते. मेंदूचा मुख्य ब्रेक तो हाच. ॲलो गाबाच्या जागेवर हक्क सांगत नाही. ते दरवाजाच्या बिजागरीपाशी बसतं आणि उघडलेला दरवाजा लवकर मिटू देत नाही. गाबा तेवढाच, पण विसर्ग जास्त. ॲलोचं प्रमाण फारच वाढलं तर गाबाशिवायही दरवाजा उघडतो. हे १९८६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापून आलं. झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या, शिवाय दारू, याच दरवाजावर वेगवेगळ्या कोपऱ्यांत हात घालतात. म्हणून ही कॅप्सूल आणि पेला, किंवा ही कॅप्सूल आणि झोपेची गोळी, एकत्र नको.

प्रोजेस्टेरॉनचं मूळ काम मात्र संथ आहे. ते पेशीत शिरतं, केंद्रकातली जनुकं चालू-बंद करतं. अस्तर तयार व्हायला दिवस लागतात, डोळे मिटायला तास पुरतो. एकाच गोळीचे हे दोन वेग आहेत.


पांढरा_रस्सा | मंगळवार, सकाळी ८:३०

बाई, नमस्कार. राधानगरीचं उदाहरण जाळ अन् धूर संगटच. शाळेत असं शिकवलं असतं तर मी आज कुठल्या कुठं असतो.


बावड्याची_सून | मंगळवार, दुपारी २:१०

मी पण इचारतो. माझ्या आत्यासासूबाईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की कोनफळ खाल्लं की प्रोजेस्टेरॉन वाढतं, परदेशात त्याचं क्रीम मिळतं. मी दोन किलो आणून ठेवलोय. खरं हाय काय?


चकोर | मंगळवार, दुपारी २:२५

दादा, तुमच्या घरी कुणाला त्रास आहे का? आयडी सुनेचा दिसतोय.


बावड्याची_सून | मंगळवार, दुपारी २:३१

अहो मीच बाई हाय. आमच्यात बायका "मी जातो, मी येतो" असंच म्हणतात. तुम्ही पुण्याकडचे दिसताय.


खडूफळा | मंगळवार, सायंकाळी ५:४०

सूनबाई, कोनफळाची भजी करा आणि खुशाल खा, पण प्रोजेस्टेरॉनसाठी नको. त्या समजुतीला मूळ आहे, ते सांगते. मेक्सिकोतल्या एका रानटी कंदात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात त्यापासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनवलं आणि एरवी सोन्याच्या भावानं मिळणारं हार्मोन स्वस्त झालं. पण ती सगळी रासायनिक कारागिरी काचेच्या भांड्यात होते. आपल्या पोटात तसली विकरं नाहीत. कंद खाल्ला किंवा अंगाला चोळला तरी त्याचं प्रोजेस्टेरॉन होत नाही.


चकोर | मंगळवार, रात्री ९:१८

माहिती चांगली आहे, पण एक शंका राहतेच, माफ करा. ॲलो जर मेंदू शांत करतं, तर पाळीआधीच्या दोन आठवड्यांत, जेव्हा ते सगळ्यात जास्त असतं, तेव्हाच चिडचिड का? आणि धागाकर्तीच्या मुलीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग हा हार्मोनचा त्रास आहे हे कशावरून? की आपण प्रत्येक स्वभावाला हार्मोनचं लेबल लावतोय? माझ्या बहिणीच्या संसारात यावरून बरीच भांडणं पाहिली आहेत, म्हणून विचारतोय.


गोठ्यातला_डॉक्टर | मंगळवार, रात्री १०:०२

जनावरांचा डॉक्टर आहे, करवीर तालुक्यात फिरतो. माणसांचं खडूफळाबाई सांगतीलच, मी गोठ्यातलं सांगतो, कारण चकोर यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे.

म्हैस माजावर येत नाही म्हणून शेतकरी फोन करतो. आम्ही काय करतो? प्रोजेस्टेरॉन असलेलं साधन योनीमार्गात बसवतो. ते आत आहे तोवर म्हैस माजावर येणं शक्यच नाही. आठवडाभरानं काढतो आणि दोन-तीन दिवसांत म्हैस माजावर. मालक म्हणतो, "डॉक्टर, काय घातलासा?" आता घातल्यामुळं नव्हे, काढल्यामुळं झालं हे त्याला कसं पटवायचं! अंगाला इशारा मिळतो तो हार्मोन उतरताना.

औषधवाल्यांनी सणाच्या गोळ्यांचा विषय काढला, तिथंही तेच आहे. गोळी घेतायत तोवर पाळी थांबते, बंद केली की दोन-तीन दिवसांत येते.

अवांतर: प्रोजेस्टेरॉनच्याच घराण्यातलं अल्फॅक्सालोन परदेशात कुत्र्या-मांजरांना भूल द्यायला वापरतात. माणसांसाठीही ते होतं, पण ज्या द्रावणात विरघळवायचे त्याची जोरदार ॲलर्जी यायची, म्हणून १९८४ मध्ये बंद झालं. आणि मेंढ्यांवरच्या अभ्यासांत दिसलंय की पोटातलं कोकरू बराच वेळ झोपाळलेलं असतं त्यामागं हेच ॲलो आहे. नाहीतर आत धुमाकूळ घातला असता.


खडूफळा | बुधवार, सकाळी ६:५०

डॉक्टरांनी माझं काम हलकं केलं. चकोर, तुमची शंका रास्त आहे. संशोधकांनाही हीच होती.

आधी आकडे. पाळीनंतरच्या दिवसांत रक्तात प्रोजेस्टेरॉन दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमच्याही खाली असतं. बीज बाहेर पडल्यावर ते चढतं, १०-२० पर्यंत जातं आणि पाळीच्या तोंडावर धाडकन खाली येतं. ज्यांना पाळीआधी भयंकर त्रास होतो त्यांचे आणि ज्यांना काहीच होत नाही त्यांचे आकडे शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल. या आजाराचं निदान रक्तावरून होतच नाही.

मग १९९८ मध्ये अमेरिकेत एक चतुर प्रयोग छापून आला. त्रास असलेल्या बायकांची अंडाशयं औषधानं काही काळ गप्प केली. बऱ्याच जणींचा त्रास गेला. मग त्यांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, त्रास परत आला. त्रास नसलेल्या बायकांनाही नेमकं हेच सगळं दिलं, त्यांना ढिम्म काही झालं नाही. हार्मोन तेच, मात्रा तीच, मेंदू निराळा. २०१७ मध्ये त्याच दिशेचं पुढचं काम आलं: हार्मोन रोज सारख्या मात्रेत चालू ठेवलं तर पहिल्या महिन्यात त्रास होतो, मग ओसरतो. म्हणजे पातळीपेक्षा पातळीतला बदल झोंबतो. पंचगंगेचं आपण जाणतोच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, पण नदीकाठचा माणूस विचारतो, "तासाला किती इंच चढतंय?"

आता ॲलो शांत करतं तर चिडचिड का? दोन कारणं सांगतात. एक, ते दरवाजे स्थिर नसतात. ॲलो चढलं-उतरलं की पेशी दरवाजाचे सुटे भाग बदलते, जुना काढून नवा बसवते. काहींच्या मेंदूत ही अदलाबदल वेळेवर होत नाही आणि ब्रेक नीट लागत नाही. दुसरं, ॲलोची वागणूक सरळ रेषेत नाही. भरपूर असलं की गुंगी, पण मधल्या पातळीवर काही जणींना उलट अस्वस्थ करतं. दारूचं उदाहरण देणं बरं नव्हे, पण दोन घोटांनंतर भांडायला उठणारा आणि बाटली संपल्यावर घोरणारा माणूस एकच असतो.

आणि लेबलाबद्दल. या आजाराला २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पुस्तिकेत स्वतंत्र जागा आहे, 'पाळीपूर्व विषण्णता विकार' म्हणू. "स्वभाव" आणि "आजार" यांतला फरक कॅलेंडर सांगतं. स्वभाव महिनाभर सोबत असतो. हा त्रास पाळी आल्यावर दोन-चार दिवसांत मावळतो आणि मधला आठवडा स्वच्छ जातो. निदान दोन पाळ्या रोजच्या रोज नोंद करायची, आठवून लिहायचं नाही.

सोनकी, तुमच्या लेकीच्या बाबतीत एवढंच: वही सुरू करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञालाही दाखवा. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या इथं वेगळ्या वागतात. नैराश्यात त्यांना गुण यायला आठवडे लागतात, इथं काही दिवसांत फरक पडतो, त्यामुळे काही जणींना महिन्यातले शेवटचे दोन आठवडेच देतात. त्या मेंदूतलं ॲलो वाढवतात हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. "मी नसते तर" हे वाक्य मात्र वहीत लिहून वाट बघण्यातलं नाही. त्याच दिवशी बोला. सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीत बोलतात.


चकोर | बुधवार, सकाळी ९:४४

कॅलेंडरचा मुद्दा पटला. बहिणीला धागा पाठवतोय. मेहुण्यालाही.


ओली_बाळंतीण | बुधवार, पहाटेच म्हणायचं, पण बाळानं ११ वाजवले

मी माहेरी आलेय, शिवाजी पेठेत. बाळ सात आठवड्यांचं. चौथ्या दिवशी मला जे रडू फुटलं ते का, हे आज कळलं. सगळं छान होतं, बाळ छान, दूध आलेलं, आईनं शेपूची भाजी पुढ्यात ठेवली आणि मी हमसून हमसून रडायला लागले. शेपूसाठी! आई म्हणाली, वाऱ्यात बसली असशील.


खडूफळा | बुधवार, दुपारी १२:२०

बाळा, वाऱ्यानं नव्हे, वारेमुळं. गर्भारपणात सात-नऊ आठवड्यांपर्यंत पीतपिंड प्रोजेस्टेरॉन पुरवतो, मग वार ते काम हातात घेते आणि शेवटच्या महिन्यांत आकडा १००-२०० नॅनोग्रॅमवर जातो. ॲलोही तसंच चढलेलं. प्रसूतीत वार पडली की कारखानाच गेला. काही दिवसांत सगळं तळाला. एवढी मोठी घसरण आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच वेळी होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू बहुतेकींना येतं आणि जातं. दोन आठवड्यांपुढं गेलं, बाळाकडं बघवेना, बाळ झोपलं तरी झोप येईना, तर मात्र तो आजार, आणि त्याला औषध आहे.

त्यात एक औषध तर हेच ॲलो होतं, ब्रेक्सॅनोलोन नावानं. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, सलग ६० तास शिरेतून द्यायचे, दवाखान्यात पडून; २०२४ अखेर ते बंद झालं. २०२३ मध्ये त्याच जातीची तोंडी घ्यायची गोळी आली, झुरानोलोन, १४ दिवस संध्याकाळी, तेही तुपातेलाच्या जेवणाबरोबर, नाहीतर अंगी लागत नाही. घेतल्यावर १२ तास गाडी चालवायची नाही असा ठळक इशारा आहे. सोनकीच्या ओट्याची आठवण येते ना? जुन्या गोळ्याही बाळंतिणीला चालतात आणि त्या स्वस्त आहेत, तेव्हा ही नवी मिळाली नाही म्हणून अडत नाही.


ओली_बाळंतीण | बुधवार, दुपारी १२:५८

माझं आता बरं आहे. नववा महिना असताना दोन जिने चढले तरी धाप लागायची, छातीत जळजळ, पोट साफ नाही. हेही त्याच्याच खात्यात का?


खडूफळा | बुधवार, दुपारी १:१५

बऱ्यापैकी. प्रोजेस्टेरॉन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला टोचणी देतं, म्हणून गरोदरपणात श्वास खोल होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. बाईला ती धाप वाटते. गुळगुळीत स्नायू सैलावतात. गर्भाशय आवळू नये म्हणून ही सोय, पण अन्ननलिकेची झडप आणि आतडीही त्याबरोबर सैल. बीज बाहेर पडल्यावर अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंशांनी चढतं तेही याच्यामुळेच.


फेटा | बुधवार, रात्री ८:३६

पुरुषानं बोलावं की नाही कळेना, पण ५-अल्फा-रिडक्टेज वाचून चमकलो. केस गळतीसाठी मी फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम घेतो. ते औषध हेच विकर अडवतं ना? म्हणजे माझं ॲलो कमी होत असणार?


औषधवाला | बुधवार, रात्री ९:१०

बरोबर ओळखलंत. ते टेस्टोस्टेरॉनसाठी अडवतात, पण रस्ता सामाईक असल्यामुळं प्रोजेस्टेरॉनचीही वाहतूक खोळंबते. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केलंय, तेव्हा मन उदास व्हायला लागलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा. केस परत येतील न येतील, तो प्रश्न नंतर.

गंमत अशी की डुटास्टेराइड हे त्याचं मोठं भावंड जास्त मात्रेत देऊन ॲलोचा चढ रोखला, तर पाळीआधीचा त्रास कमी झाला, असं एका छोट्या प्रयोगात २०१६ मध्ये दिसलं. एकाला जे कमी पडून त्रास, दुसरीला ते वाढून त्रास. घरी करून बघायचा प्रयोग नव्हे. पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला हे औषध घातक आहे.


पांढरा_रस्सा | बुधवार, रात्री ९:४४

एवढं गुणाचं आहे तर मेंदूला टॉनिक म्हणून का देत नाहीत? आमच्या तालमीतल्या एका पोराचं डोकं गाडीवरनं पडून फुटलंवतं, महिनाभर आयसीयूत.


खडूफळा | गुरुवार, सकाळी ७:२०

दिलं होतं. उंदरांमध्ये डोक्याच्या माराची सूज प्रोजेस्टेरॉननं उतरायची, पहिले छोटे प्रयोगही आशादायक होते. मग माणसांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत ८८२ रुग्ण, दुसरीत ११९५. २०१४ मध्ये दोन्हींचे निकाल आले, काहीही फायदा नाही. मला ती बातमी वाचून वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

फिट येणाऱ्या बायकांचंही असंच अर्धवट यश. काहींना पाळीच्या आसपासच फिट वाढतात, कारण ब्रेक सुटतो. २०१२ च्या चाचणीत सगळ्यांना मिळून फायदा दिसला नाही, पण ज्यांचा जोर नेमका पाळीभोवती होता त्यांच्यात काहीसा दिसला. ॲलोचाच एक सुधारलेला अवतार, गॅनॅक्सोलोन, मुलांच्या एका दुर्मिळ आनुवंशिक फिटेसाठी २०२२ मध्ये मंजूर झाला. पोराला आता बरं आहे ना?


पांढरा_रस्सा | गुरुवार, सकाळी ७:५१

बरं हाय. हेल्मेट घालतंय आता.


सोनकी | दहा आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं लिहिलं नाही म्हणून रागावू नका.

लेकीनं वही केली. पहिल्या महिन्यात तिला पटत नव्हतं, "तू माझ्यावर पाळत ठेवतेस" म्हणाली. दुसऱ्या महिन्यात तिनंच पानं उलटून दाखवली: सव्वीस ते एक, लाल शाईच्या रेघा, आणि दोन तारखेपासून निळी. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ती वही उलटसुलट पाहिली, पंधरा मिनिटं प्रश्न विचारले आणि लग्नाचा विषय काढला नाही. महिन्यातले चौदा दिवस गोळी सुरू झालीय. या वेळी दार आपटलं, पण एकदाच.

माझी कॅप्सूल तीच आहे. बाईंना ते चावणारे दोन-तीन दिवस सांगितले. त्या म्हणाल्या, आणखी दोन महिने बघू, नाही जमलं तर कमी मात्रेत रोजची करू, म्हणजे चढ-उतार नको. ओटा नवरा आवरतो. मटकी भिजवायला विसरतो, ते सोडा.

आज वही चाळत होते, तिनं ठेवलीच होती टेबलावर. तेवीस तारखेसमोर स्वतःचं काही नाही, निळ्या शाईत एकच ओळ: "मी ठीक. आईची गोळी काल संपली, आज तिच्यापासून लांब राहणे."